दुसऱ्या भागातली तीन चित्रं

पहिलेच सांगून ठेवतो. भूत, आत्मा, अंगात येणं — यातलं काहीच मी मानत नाही. माझ्या बापानं छप्पन साली इथंच नागपुरात दीक्षा घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरात लिंबू फक्त वरणावर पिळतात. माझी पोरगी संगीता पेपरातल्या या कॉलममधले अनुभव मले वाचून दाखवते तेव्हा मी हसतो. पांढऱ्या साडीतली बाई, रस्त्यावर लिफ्ट मागते... म्हटलं, तिले बस भेटत नाही काय?

तरी आज मीच लिहून राहिलो. चौथीपर्यंत शिकलो आहे. शुद्धलेखन पोरगी पाहीन. माझं बोलणं मात्र बदलू नको, असं तिले बजावलं आहे.

माझं नाव मेश्राम. इंदोऱ्यात राहतो. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत माझं बाइंडिंगचं दुकान होतं — दहा बाय बाराची खोली, एक कटिंग मशीन, पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, अन् आम्ही दोघं. मी अन् माझी बायको कौसल्या. पुठ्ठा, कापड, सोनेरी अक्षरं माझ्याकडे. पानांचे गठ्ठे दोऱ्यानं शिवायचे, त्याले आमच्यात जुजबंदी म्हणतात, ते काम तिचं. खळही तीच शिजवायची. मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, कीड लागू नये म्हणून. बिलावर नाव माझं. लोक म्हणायचे, मेश्रामचं बाइंडिंग पक्कं. पक्कं असायचं ते तिच्या शिवणीमुळे. हे मी तेव्हा कोणाले सांगितलं नाही. आता सांगतो.

मागच्या सप्टेंबरात ती गेली. धंतोलीच्या दवाखान्यात, किडनीच्या आजारानं. लोक भेटाले यायचे अन् म्हणायचे, सुटली बिचारी. मी एका-दोघायले घराबाहेर काढलं. सुटली म्हणे! तिले कुठं सुटायचं होतं? त्यानंतर मी घरात बोलणंच सोडलं. कोणाशी बोलू, फ्रिजशी?

आता पुस्तकांचं सांगतो.

आमचे एक गिऱ्हाईक प्रोफेसर होते. तीस वर्षं झाली असतील, त्यांनी चार जाड पुस्तकं बाइंडिंगले आणली. हिंदुस्थानचा इतिहास, इंग्रजीत, विलायतेत छापलेला, शंभराच्या वर वर्षं जुना. चारही भागात मोठी मोठी चित्रं. लढाया, किल्ले, दरबार, हत्ती. काही रंगीत, काही नुसत्या काळ्या रेघांची, अन् दर चित्रावर बटर पेपर. कौसल्या त्या चित्रांत अशी रमली की दोन दिवसांच्या कामाले दहा दिवस लागले. मी कटिंग मशीन लावलं तर तिनं हात धरला. "कोर कापू नका चित्राची. जेवढं सायबानं छापलं तेवढं राहू द्या." मी म्हटलं, कडा उंदरानं खाल्ल्यासारख्या दिसतात. ती म्हणे, "दिसू द्या." नाही कापल्या.

पुढे सर थकले. एक दिवस ऑटोत घालून चारही पुस्तकं आमच्या दारात घेऊन आले. म्हणाले, "कौसल्याबाई, माझ्या मुलांना ही नकोत. तुमच्यासारखं यांच्याकडे कोणी पाहतच नाही. ठेवा."

तिले वाचता येत नव्हतं. सहीच्या जागी अंगठा. पण सगळी चित्रं तोंडपाठ. तिनं त्यायले आपली नावं ठेवली होती. दर दिवाळीले लोखंडी पेटीतून काढायची, सावलीत हवा द्यायची अन् चित्रं मोजायची. तिची मोजणी आईकडून आलेली, विसाविसानं. "चार ईस नं सात. बराबर हायत." म्हणजे सत्त्याऐंशी.

मी म्हणायचो, "अवं, कोण नेते तुही चित्रं? बँकेत ठेव मंग."

"तुमी गप बसा. कापणारे तुमचेच भाऊबंद असतेत."

तिचं खोटं नव्हतं. जुन्या पुस्तकातलं चित्र ब्लेडनं कापायचं अन् फ्रेमवाल्याले विकायचं, हे धंदे आमच्यातलेच काही लोक करायचे.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं मले जवळ बोलावलं. मले वाटलं, पोरीबद्दल काही सांगन. ती म्हणे, "पुस्तकं फोडू देऊ नका कोणाले. वाचनालयात द्या. चारही संग. लोकायले पाहू द्या." मी हो म्हटलं. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं मागितलेली ही पहिली वस्तू. साडी आणली तरी म्हणायची, काहून आणली.

आमच्या वस्तीत एक वाचनालय आहे. कमिटीची माणसं चांगली, पण नियमाची. सेक्रेटरी म्हणाले, "काका, सेट पूर्ण असला तर काचेचं कपाट करू, बाईंचं नाव लावू. चित्रं कमी असली तर मात्र आमच्याकडे जागा नाही. पारखी माणसाचा कागद आणा."

पारखी म्हणजे कर्णिक साहेब, पुण्याचे. जुन्या सचित्र पुस्तकांची किंमत काढणं हाच त्यांचा धंदा. कोण्या कामानं नागपुरात आले होते, सेक्रेटरींनी त्यायले आमच्या घरी पाठवलं.

मे महिना, शनिवार, दुपारचे बारा. बाहेर पंचेचाळीसच्या वर गेलं असन. संगीता कामठीहून पेटीची चाबी घेऊन आली. चाबी तिच्याजवळ काहून? तर आई गेली त्याच महिन्यात तिनं ती नेली होती. मी रागाच्या भरात पेटी भंगारवाल्याले देऊन टाकीन, असं तिले वाटलं. तिचं वाटणं बरोबर होतं. म्हणजे आठ महिने ते कुलूप उघडलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा. पेटी मागच्या खोलीत, तिथं कूलर नाही. हेही ध्यानात ठेवा, कारण पुढे तुम्ही मले कूलरचंच सांगाल.

कर्णिक साहेबांनी आमच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं, हातात पातळ ग्लोव्हज घातले. चेहरा असा की कोणाच्या घरचं पाणी पण तपासून पितील. पहिला भाग उघडला अन् त्यांची भुवई वर गेली.

"कडा कापलेल्या नाहीत?"

"नाही."

"आश्चर्य आहे. पुन्हा बांधलेल्या पुस्तकांच्या कडा बहुतेक वेळा कापलेल्या असतात. निम्मी किंमत तिथेच जाते." त्यांनी शिवण पाहिली, पाठीवर बोट फिरवलं. "ही शिवण कुणाची?"

"माझ्या बायकोची."

"छान आहे." बस, एवढंच. पण माझी छाती फुगली, खोटं काहून बोलू.

मग त्यांनी मोजणी सुरू केली. दर भागाच्या सुरुवातीले चित्रांची लिस्ट छापलेली असते. लिस्टमधला नंबर वाचायचा, चित्र काढायचं, बटर पेपर उचलायचा, डाग पाहायचा, खूण करायची. हे काम सावकाश करतात, घाई चालत नाही. पहिल्या भागात एकवीस, लिस्टमध्येही एकवीस. तिसऱ्या अन् चौथ्या भागाचंही जमलं. दुसरा भाग त्यांनी शेवटी घेतला. तिथं ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग चष्मा काढून ठेवला.

"काका, यादीत तेवीस आहेत. इथे वीसच आहेत. तीन गेली."

मी म्हटलं, "अशी कशी जातील? चार ईस नं सात आहेत."

"म्हणजे?"

"सत्त्याऐंशी."

"यादीत सत्त्याऐंशीच आहेत. पुस्तकात चौऱ्याऐंशी." त्यांनी लिस्ट माझ्याकडे वळवली, जशी काही मले इंग्रजी येते. "बाइंडरकडे जाऊन आलेल्या पुस्तकांत हे मी नेहमी पाहतो."

"साहेब, बाइंडर मी आहे. शिवणारी माझी बायको होती. तिसरा हात लागला नाही."

"मी कुणाचं नाव घेत नाही, काका."

"नाव घेतलं नाही, पण नाव ठेवलं नं!"

संगीता मधी पडली. "बाबा, आवाज कमी करा." मी म्हटलं, "काहून कमी करू? तुह्या मायले चोर म्हणून राहिले ते."

कर्णिक साहेब चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मी वाचनालयाला खरं तेच लिहिणार. संच अपूर्ण. मग ते घेणार नाहीत. तुम्हाला द्यायचीच असतील तर एक मार्ग आहे — सुट्या चित्रांना गिऱ्हाईक मिळतं. ही चौऱ्याऐंशी वेगळी केली, फ्रेम केली, तर चांगली जातील. माझ्या ओळखीच्या एका फ्रेमवाल्याशी मी बोलू शकतो."

वेगळी केली. म्हणजे फोडली. तिनं एकच गोष्ट मागितली होती, अन् तीच होऊन राहिली होती, माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर.

मी विचारलं, "कोणती नाहीत? वाचून सांगा."

त्यांनी नंबर वाचले, खालची इंग्रजी नावं मराठीत करून सांगितली. एक राणी दरबारात. एक नदी ओलांडताना बुडणारा हत्ती. अन् एक लष्कराची छावणी. मी संगीताकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. कौसल्याची सगळ्यात आवडती तीन. राणी म्हणजे तिची "रडकी राणी". हत्तीसाठी ती हळहळायची. अन् छावणीच्या चित्रात, सगळ्या तोफा-घोड्यांच्या मागं, कोपऱ्यात एक बाई भाकरी थापून राहिली आहे, नखाएवढी. कौसल्या म्हणायची, "एवढ्या मोठ्या इतिहासात एक बाई कामाची भेटली."

मी पुस्तक आपल्याकडे ओढलं. चित्रांच्या जागा पाहिल्या. साहेबायले दाखवलं, "पाहा. ब्लेडचा घाव आहे काय कुठं?" नव्हता. चित्र शिवलेलं नसते, कडेले खळीनं चिकटवलेलं असते. वारंवार उघडलं की सुटते. ही तीन सुटलेली होती, कापलेली नव्हती.

"ठीक आहे, सुटून पडली असतील," ते म्हणाले. "पडली म्हणजे गेलीच ना."

मी पानं उलटत शेवटपर्यंत गेलो. मागच्या पुठ्ठ्याच्या आतून अबरी लावलेली असते, रंगाच्या लहरी काढलेला कागद. या चारही भागाले मी मोरपिसाच्या नक्षीची अबरी लावली होती. डोळे वर, दांडे खाली. तीस वर्षांपूर्वी लावलेली, पण मले माझं काम पाठ आहे.

दुसऱ्या भागाच्या मागच्या पुठ्ठ्यावर डोळे खाली होते.

आता हे कोणाले समजणार नाही. आमच्या दुकानात रोजचं भांडण होतं ते. कौसल्याले अबरी लावाले दिली की उलटी लावायची. मी ओरडायचो, "अवं, पीस उलटं झालं!" ती म्हणायची, "पिसाले कायचं डोकं अन् कायचे पाय? मोर मेल्यावर उलटं काय नं सुलटं काय." म्हणून मी अबरी तिच्या हातात द्यायचोच नाही. अन् ही अबरी उलटी होती. म्हणजे मी लावल्यावर कोणी तरी ती काढली, अन् पुन्हा लावली.

मी त्यावर बोट ठेवलं.

ओलं होतं.

मी बोट उचललं. पुन्हा ठेवलं. कागद गार होता, थंड पाण्याच्या ग्लासासारखा. बाजूले पडलेले तीन भाग पापडासारखे कोरडे. मेच्या दुपारी नागपुरात खळ किती टिकते, सांगतो — ब्रश वाटीत ठेवून चहा प्यायले गेलं तर ब्रश काठी होते. अन् इथं कडेतून खळ बाहेर आलेली, निळसर, मोरचुदाची. वासही तोच. आठ महिन्यांनी तो वास घरात आला. मी वाकून पुस्तकाले नाक लावलं.

"काय झालं?" कर्णिक साहेबांनी विचारलं.

"हात लावा."

त्यांनी लावला. ग्लोव्हजच्या बोटाले खळ लागली. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे आज चिकटवलंय. काका, हा काय प्रकार आहे?"

संगीता ताडकन उठली. "साहेब, कुलूप तुमच्यासमोर उघडलं. चाबी माह्या पर्समंधी होती. बाबा कसे चिकटवतील?"

कुलूप त्यांनी स्वतः पाहिलं होतं, त्याच्यावरची धूळ त्यांनीच फुंकली होती.

मी कागद उचलायची हाडाची पट्टी घेतली. सुकलेली अबरी काढायची तर पाणी मारून तासभर खरवडावं लागते, तरी फाटते. ही दुधावरच्या सायीसारखी उचलली गेली. एक टोक, मग दुसरं. खाली बटर पेपरची घडी. अन् घडीत तीनही चित्रं — राणी, हत्ती अन् छावणी.

चित्रं कोरडी होती. ठणठणीत. वर ओली खळ, अन् आत डागाचा एक ठिपका नाही, एक सुरकुती नाही. कर्णिक साहेबांनी ती भिंगाखाली धरली. उलटसुलट केली.

"हे कुणी केलं?"

"माझ्या बायकोनं."

"त्या कुठे आहेत? मला त्यांना भेटायचंय."

"ती मेली, साहेब. सप्टेंबरात."

मग संगीता हळूच म्हणाली, "बाबा... दवाखान्यात भरती व्हायच्या आधी आईनं मले मोरचूद आणाले लावलं होतं. मी विचारलं, आता दुकान कुठं आहे? ती म्हणे, तू आण, तुह्या बाबाले सांगू नको."

म्हणजे ते तिनंच केलं होतं. चित्रं सुटली, आपण आता दिवाळी पाहत नाही, मग पडून जातील, कोणाच्या हाती लागतील... म्हणून तिनं ती अबरीखाली ठेवून दिली. काहून सांगितलं नाही? मी ओरडलो असतो, माझी अबरी काहून काढली म्हणून. एवढं मले समजते. पण ते झालं मागच्या ऑगस्टात. ऑगस्टाची खळ मेमध्ये ओली कशी?

संगीतानं चहा आणेपर्यंत ती वाळली होती. कडेची निळी रेघ कडक झाली, नखानं उडाली. कर्णिक साहेबांचा चहा तसाच राहिला. मी ती तीन चित्रं त्यांच्यासमोर, त्यांच्याच देखरेखीखाली, जागच्या जागी चिकटवली. खळ संगीताच्या हातची, जरा गाठी झाल्या. मग मी म्हटलं, "मोजा आता."

त्यांनी मोजलं. चारही भाग, पहिल्यापासून. मी त्यांच्यासोबत मोठ्यानं मोजलं, विसाविसानं. शेवटच्या चित्रावर मी टेबलावर हात आपटला.

"चार ईस नं सात!"

"चार वीस आणि सात," ते म्हणाले. पहिल्यांदाच हसले. ग्लोव्हज काढले अन् लिहाले बसले. सेट पूर्ण. कडा अस्पर्शित. शिवण उत्तम. किंमत त्यांनी लिहिली ती मी इथं सांगणार नाही, नाही तर उद्या दारात रांग लागेल. संगीतानं ती दोनदा वाचली अन् खाली बसली. फ्रेमवाल्याचं नाव कोणी काढलं नाही. निघताना साहेबांनी पेटीजवळ उभं राहून हात जोडले. कोणाले जोडले, ते मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात वाचनालयात काचेचं कपाट आलं. पाटीवर कमिटीनं लिहिलं होतं, "मेश्राम परिवाराकडून सप्रेम". मी भांडलो. सेक्रेटरी म्हणाले, काका, असंच लिहितात. म्हटलं, लिहीत असतील, इथं नाही. आता पाटीवर आहे — "कौसल्या मेश्राम, बाइंडर". उद्घाटनाले कामठीहून संगीताच्या सासरचे आले, वस्तीतले आले, माझ्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक आले. जयभीम-जयभीम करत एकेक जण काचेपुढं थांबला. एक म्हातारा म्हणाला, "मेश्राम, हे तर तुमचं काम!" मी म्हटलं, "नाही गा. नीट वाच."

तेव्हापासून मी कोणाकोणाले विचारलं. केमिस्ट्रीचे एक मास्तर म्हणाले, मोरचूद हवेतली ओल ओढते. म्हटलं, मेमध्ये हवेत ओल कुठची? एक जण म्हणाला, कूलर. त्याले मी चहा पण पाजला नाही. आत्म्याचं कोणी सांगाले आलं तर त्यालेही हाकलतो, कारण आत्मा मी आजही मानत नाही. हे लिहिताना पण मानत नाही.

पण माझ्या बोटाले लागलेलं मले माहीत आहे. साहेबांच्या ग्लोव्हजले लागलं, तेही. पन्नास वर्षं खळीत हात घातले, ओलं अन् वाळलेलं मले समजते. त्या शनिवारी ती खळ ओली होती. काहून, ते मले सांगता येत नाही. कर्णिक साहेबांनी जो कागद दिला, त्यात पानं, चित्रं, शिवण, डाग, सगळ्याले रकाने आहेत. याच्यासाठी रकाना नाही.